शिरस्त्राणाची आतली बाजू

बाबा दिवसभर फॅक्टरीत काय करतात, हे आमच्या घरात कोणी विचारत नसे. विचारू नकोस असं मला कोणी सांगितलेलंही नव्हतं, पण तापल्या तव्याला हात लावायचा नसतो हे जसं मुलांना आपोआप कळतं तसं ते कळलं होतं. ते एक्झामिनर होते, म्हणजे काहीतरी तपासत होते, एवढंच माहीत. भोंगा झाला की आमच्या रांझी वस्तीच्या रस्त्यावरून सायकलींचा लोंढा फाटकाकडे जाई, त्यात बाबांची पाठ थोडा वेळ ओळखू येई आणि मग येईनाशी होई. दुपारी लांबवर कुठेतरी चाचणीचे बार होत. प्रत्येक बाराला फडताळातले पितळेचे डबे किणकिणत आणि आई पोळी लाटता लाटता, वर न बघता, डाव्या हाताने सगळ्यात वरचा डबा सरळ करी. पाहुणे दचकत. आम्हाला त्या आवाजाशिवाय दुपार झाल्यासारखं वाटत नसे.

घरी आल्यावर बाबा प्रत्येक वस्तूच्या आत बघत. पाणी प्यायच्या आधी रिकामा लोटा खिडकीकडे तिरपा धरून आत बघत. आई वरण वाढायला आली की तिला थांबवून वाटी उजेडाकडे फिरवत. बूट घालायच्या आधी बोटाने आतलं अस्तर चाचपत. रविवारी सकाळी पोहे-जिलबी येई, तेव्हा जिलबीचं वेटोळं मोडून पाक नळीत सगळीकडे पोचला आहे का, ते एक डोळा मिटून बघत आणि मगच ती तोंडात टाकत. लग्नानंतर कितीतरी वर्षं आईला हा आपल्या भांडी घासण्यावरचा शेरा वाटत असे. पुढे तिने नाद सोडला. "त्यांना रिकामं भांडं द्यायचं न् थोडा वेळ गप बसायचं," ती शेजारच्या तिवारी भाभींना सांगे, "मग जेवतात."

मागच्या महिन्यात माझ्या नातीने, महीने, शाळेच्या कार्यक्रमासाठी केलेल्या पुठ्ठ्याच्या हेल्मेटचा फोटो मला पाठवला. मी तिला पहिला प्रश्न विचारला, तो आतून रंगवलंस का, असा. ती बुचकळ्यात पडली, आणि माझा नातू ईशान मागून हसल्याचं मला फोनवर ऐकू आलं. बाळांनो, त्या प्रश्नाचं कारण सांगायचं तर एक अख्खं नाटक सांगावं लागेल. तुमच्या या आजीला गोष्ट मधूनच सुरू केलेली चालत नाही, म्हणून क्रमाने सांगते.

ते नाटक झालं त्या हिवाळ्यात लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद लागले, टॉर्चच्या काचेलासुद्धा, मध्ये रुपयाएवढं भोक ठेवून. फॅक्टरीतल्या पाळ्या लांबल्या. बाबा घरी येत ते जेवायला आणि झोपायला. घरोघरी बायका जवानांसाठी मफलर आणि पायमोजे विणत होत्या. बाजारात खाकी लोकर मिळेना, तेव्हा आईने मोरपंखी आणली. बाबा म्हणाले, शत्रूला लांबून दिसेल. आई म्हणाली, बुटाच्या आत कोण पाहून राहिलं? यावर बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढचे मोजे दुसऱ्या रंगाचे घेतले.

त्या हिंदी मुलखात आमच्या मराठी मंडळाचं दरवर्षी थंडीत नाटक होई. त्यात बायकांची कामं पुरुष करत. फॅक्टरीच्या स्टोअर्समधले एक धिप्पाड गृहस्थ वर्षानुवर्षं नायिका होते, आणि त्यांना नऊवारी आईच नेसवून देई. यंदा पुरुषांना तालमीला यायला सवडच नव्हती. मंडळाच्या चिटणीस पाध्ये काकू, त्यांनी एका बैठकीत प्रश्न निकालात काढला. "पुरुष बाया होत होते तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. यंदा बाया पुरुष होतील. जवानांच्या मदतीसाठी आहे, कोणाची काय बोलायची बिशाद." नाटकही त्यांनीच लिहिलं. एक किल्ला, त्याला वेढा घालून बसलेला शत्रूचा सेनापती, आणि नवरा मोहिमेवर असताना किल्ला लढवणारी किल्लेदारीण. किल्लेदारीण झाल्या समोरच्या क्वार्टरमधल्या सुशीला वहिनी. हातात लाटणं असो की तलवार, त्या सारख्याच जोराने चालवत.

मी चौदा वर्षांची होते आणि वर्गात सगळ्यांत उंच. इंग्रजी शाळेत प्रत्येक कार्यक्रमाला मला मागच्या रांगेत उभं करत, आणि आवाज जाड म्हणून गाण्यात नुसते ओठ हलवायला सांगत. पाध्ये काकूंनी मला आपल्या अंगणात उभं केलं आणि एकच वाक्य म्हणायला लावलं: 'दरवाजा उघडा, नाहीतर पहाटे तोफा बोलतील.' मी म्हटलं. अंगणात वाळत घातलेल्या डाळीवरच्या चिमण्या उडाल्या. काकू म्हणाल्या, "हाच. हाच माझा सेनापती." घरी येताना मला रस्ता दिसत नव्हता. त्याआधी मला काही एवढं हवंसं वाटल्याचं आठवत नाही. नवा फ्रॉकही नाही आणि पहिला नंबरही नाही.

संध्याकाळी काकू बाबांना विचारायला आल्या. बाबा चहाचा रिकामा कप आतून बघत होते.

"भाऊजी, कुमूला आम्ही सेनापती करून राहिलो."

"लोक पाहतील," बाबा म्हणाले.

"नाटक पाहायलाच तर येतात."

"तिचा चेहरा पाहतील."

"काहून? चेहऱ्याला काय झालं तिच्या?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काही झालं नाही. म्हणूनच म्हणतो."

पाध्ये काकू हटणाऱ्या नव्हत्या. सेनापतीला शिरस्त्राण देऊ, त्या म्हणाल्या. तोंड झाकणारं, पुढे झडप, डोळ्यांपुरती फट. सगळी फॅक्टरी येऊन बसली तरी ही कोणाची मुलगी ते कळायचं नाही. बाबांनी विचार केला. "मग ते मी बनवीन," ते म्हणाले, "आणि एक गोष्ट आताच ठरवून टाकू. चेहरा एकदा जरी उघडा पडला, तर ती तिथूनच घरी येईल. पुढे नाटक नाही, तालीम नाही, काही नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या घटकेला मी कशालाही मान हलवली असती.

चेहरा झाकायचा म्हणून नाटक बदलावं लागलं. वेढ्याच्या पहिल्याच दिवशी सेनापती शपथ घेतो की किल्ला हाती येईपर्यंत शिरस्त्राण उतरवणार नाही, असं काकूंनी घातलं. दुसऱ्या अंकात मात्र तहाची मेजवानी होती. ती त्यांना काढवेना, कारण तिच्यातले संवाद त्यांचे आवडते होते. शेवटी सेनापतीने झडप बोटभर उचलून केळं खावं असं ठरलं. तालमीत मी आईचं अॅल्युमिनियमचं पातेलं डोक्यावर घालून केळं खात असे आणि सुशीला वहिनी समोर हसू दाबत तहाच्या अटी सांगत.

इकडे शिरस्त्राण सुरू झालं. माझ्या दोन्ही वेण्या डोक्याभोवती गुंडाळून बाबांनी दोरीने माप घेतलं आणि मला सायकलवर मागे बसवून गावातल्याच गोरखपूर नावाच्या मोहल्ल्यातल्या बाजारात नेलं. मडकं घ्यायचं होतं, साचा म्हणून. बाबा एकेक मडकं उचलून आत बघायला लागले. कुंभार बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, पानी भरना है कि घर बसाना है?" त्या मडक्यावर तिवारी भाभींकडच्या हिंदी वर्तमानपत्रांचे तुकडे कणकेच्या खळीत भिजवून थरावर थर चढवले. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलं होतं. "रेशनचा गहू मडक्याला खाऊ घालून राहिले," आई म्हणे. अंगणात खाटेवर ते कित्येक दिवस उन्हात वाळलं. मग आतलं मडकं फोडायचं होतं. बाबा हातोडीने हलकेच टकटक करत बसले होते, तेवढ्यात आईने खलातला बत्ता आणला आणि एका घावात काम संपवलं. मला वाटतं, तो घाव मडक्याला नव्हता.

झडप तारेने बसवली आणि बाबांनी शिरस्त्राण उलटं करून मांडीवर घेतलं. आधी काचकागदाने आतली बाजू घासली. मग क्रीम रंगाचा एक हात दिला. फिकट रंग अशासाठी की वरच्या वार्निशात कुठे खळगा राहिला, बुडबुडा आला, तर तो दिसावा. मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचं मधासारखं वार्निश केलं आणि मऊ ब्रशने, शिरस्त्राण हळूहळू फिरवत, आतून चढवलं. यातलं काहीही फॅक्टरीतून आलेलं नव्हतं. ब्रशसुद्धा विकत आणला होता. फॅक्टरीतून आमच्या घरी दोनच गोष्टी येत, बाबा आणि त्यांचा रिकामा डबा.

"आत कोण पाहणार आहे हो?" आईने विचारलं.

"आत जे भरतात त्याला जपायचं असते," बाबा म्हणाले.

"आत काय भरतात?"

बाबांचा ब्रश थांबला. "डोकं," ते म्हणाले.

पाध्ये काकू रोज चंदेरी रंगाचा डबा घेऊन येत आणि बाहेरची बाजू कधी रंगवू विचारत. बाबा म्हणत, बाहेरचं काम तुमचंच, पण आतलं पास झाल्याशिवाय बाहेर हात लावायचा नाही, पद्धत तशीच आहे. आणि आतलं पास होत नव्हतं. पहिल्यांदा वार्निशात ब्रशचा एक केस निघाला. स्पिरिटने सगळं पुसून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा थंडीने त्यावर पांढुरकी झाक आली. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा मोरपंखी लोकरीचा एक तंतू सापडला आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. सिहोऱ्याकडचा मटार नुकताच यायला लागला होता, पण त्या दिवसांत आमच्या मटाराच्या उसळीलाही स्पिरिटचा वास येई. तिवारी भाभींनी एकदा आईला हळूच विचारलं, "दीदी, भाईसाहब पीने लगे हैं क्या?"

बाबा ते तपासत कसे, हे मला आजही दिसतं. आईच्या पावडरीच्या डबीतला गोल आरसा त्यांनी विणायच्या सुईच्या टोकाला बांधला होता. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात सुई. शिरस्त्राण गुडघ्यांत धरून ते आरसा आत सोडत, मनगट थोडं वळवत, थांबत, पुन्हा थोडं वळवत. सगळी गोलाई पुरी होईपर्यंत पापणी लवत नसे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघताना माझ्या लक्षात आलं की हे मनगट आज पहिल्यांदा असं वळत नाहीये. ते दिवसभर, रोज, हेच करतं. निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी बाबांनी स्वतःच सांगितलं. तोफगोळ्याच्या पोकळीला आतून वार्निश लावतात, म्हणजे भरलेली दारू उघड्या लोखंडाला लागत नाही. ते वार्निश ते तपासत. एखादा ठिपका सुटला तर काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या हिवाळ्यात उंबऱ्यावर बसून मला एवढं कळलं होतं की आपले वडील पोकळ वस्तूंच्या आत बघतात आणि त्यावर कोणाचं तरी काहीतरी अवलंबून आहे. त्यानंतर त्यांनी वाटी उजेडाकडे फिरवली की मी आईकडे बघून हसणं बंद केलं.

चौथा हात उत्तम आला. नाटकाच्या दिवशी सकाळी बाबांनी शेवटची तपासणी केली आणि उजव्या कानापाशी आरसा थांबला. वार्निशात एक बुडबुडा होता, मोहरीहून लहान. ते स्पिरिटची बाटली घ्यायला उठले. आईने शिरस्त्राण त्यांच्या गुडघ्यांतून काढून माझ्या हातात दिलं.

"लढाई संपेल, पण हे तुमचं संपणार नाही. जाय गं कुमू."

"ते पास झालेलं नाही," बाबा म्हणाले.

"चलो, नाही तर नाही," आई म्हणाली आणि माझ्या केसांना खोबरेल तेल लावायला बसली. नाटक म्हणून नेहमीच्या दुप्पट लावलं. बाबा डबा घेऊन कामावर गेले. आपण नाटकाला येणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

संध्याकाळी दिवे लावायची बंदी, म्हणून नाटक दुपारी तीनला होतं, शाळेच्या हॉलमध्ये. काचांना काळे कागद असल्याने आत दुपारीही अंधारच. पाध्ये काकूंनी पडद्यामागे घाईघाईने शिरस्त्राणाला बाहेरून चंदेरी रंगाचा एक हात मारला. त्यातून वर्तमानपत्राची जाड अक्षरं दिसतच होती, पण वाळून दुसरा हात द्यायला वेळ कुठला. तो पहिलाही वाळला नव्हता. शिरस्त्राण मी पहिल्यांदा डोक्यावर घातलं ते पडदा उघडायच्या आधी, आणि आतून ते इतकं गार आणि गुळगुळीत होतं की मला हसू आलं.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत मध्यभागी पाहुणे म्हणून फॅक्टरीतले एक मोठे साहेब बसले होते. ते तेलुगू, त्यांना मराठी येत नव्हतं, पण जवानांसाठी म्हणून आले होते. त्यांच्या मागे पाळीवरून सुटलेले लोक, कोणी डबा मांडीवर घेऊन, कोणी डुलकी काढत. मी पहिलं वाक्य टाकलं आणि डुलक्या मोडल्या. त्या कडक वार्निशावर माझा आवाज आतल्या आत घुमून दुप्पट होऊन बाहेर पडत होता. दरवाजा उघडा म्हटल्यावर मागच्या एका माणसाने खरोखर उठून हॉलचा दरवाजा उघडला. मधेच शांततेत तिवारी भाभींचा आवाज आला. त्यांना छापील काही दिसलं की मोठ्याने वाचायची सवय होती. माझ्या कपाळावरच्या चंदेरी रंगातून त्या वाचत होत्या, "बाल झड़ रहे हैं? आज ही आज़माइए।" थोडी खसखस पिकली, पण मी पुढचं वाक्य टाकलं आणि ती थांबली. पहिला अंक संपला तेव्हा पाध्ये काकूंनी पडद्यामागे माझे दोन्ही हात धरले होते. 

दुसऱ्या अंकात मेजवानी आली. मी झडप उचलून केळ्याचा एक घास घेतला, मग किल्लेदारणीला उत्तर द्यायला तिच्याकडे मान वळवली. मान वळली, शिरस्त्राण वळलं नाही. वार्निश गुळगुळीत, वेण्या तेलकट, कुठे काही धरून ठेवणारं नव्हतंच. फट कानावर गेली आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा क्रीम रंग आला, अगदी जवळून. तो निर्दोष होता. पातेल्याने असं कधी केलं नव्हतं. मी वाक्य म्हटलं, ते कोणत्या दिशेला म्हटलं ते मला माहीत नाही. सेनापती आपल्याकडे पाठ फिरवून बोलतो आहे, हा अपमान सुशीला वहिनींना नाटकातलाच वाटला असावा. त्यांनी लाकडी तलवारीचं पातं आडवं करून माझ्या डोक्यावर मारलं. शिरस्त्राण साबणाच्या वडीसारखं निसटलं, रंगमंचाच्या कडेवर एकदा आपटलं आणि साहेबांच्या मांडीवर जाऊन पडलं.

मी उजेडात उभी होते, हातात अर्धं केळं, तोंड उघडं. घरी जायचं, पुढे नाटक नाही, तालीम नाही. हे सगळं मला एका क्षणात कळलं. मी लोकांकडे बघितलं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

साहेबांनी शिरस्त्राण दोन्ही हातांनी उचललं होतं, उलटं केलं होतं आणि ते आत बघत होते. मग त्यांनी मागे न बघता हात पसरला. "टॉर्च।" चार टॉर्च पुढे आले. शेजारचे दोघे वाकले.

"यह किसने किया है?"

"अपने बोकारे बाबू ने, सर। लड़की उन्हीं की है।"

"लड़की" म्हणताना त्या माणसाने माझ्याकडे बोट केलं, पण नजर आतच होती. शिरस्त्राण पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं. प्रत्येक जण ते उलटं धरून, एक डोळा मिटून, थोडं थोडं फिरवत बघत होता. "एक भी दाग नहीं भैया।" "किनारे पे भी बराबर चढ़ा है।" "जरा इकडे द्या ना, तुम्ही काय घर बांधून राहिले त्याच्यात." "दादा, टॉर्च तिरछी पकड़ो।" विंगेतून पाध्ये काकू म्हणत होत्या, "अहो, नाटक चालू आहे. अहो, मंडळी." ज्याच्या ज्याच्या हातातून शिरस्त्राण पुढे गेलं त्याचे तळवे चंदेरी झाले होते, आणि कोणाच्या ते लक्षात नव्हतं. साहेब विचारात पडून मिशीवरून हात फिरवत होते. सुशीला वहिनी किल्ल्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी मेजवानीतलं एक केळं सोललं.

शिरस्त्राण शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. तिथे दाराशी बाबा उभे होते, हातात डबा. कधी आले होते, कोणाला माहीत. कोणीतरी ते त्यांच्या हातात दिलं. सगळा हॉल खुर्च्यांवर मागे वळला.

"बोकारे," साहेब म्हणाले, "पास है ना?"

बाबांनी डबा काखेत धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांबूनही मला कळलं की त्यांना सगळा हिशेब कळला आहे. पास म्हटलं की शिरस्त्राण रांगारांगांतून परत येईल, माझ्या डोक्यावर बसेल, आणि एवढ्या गडबडीत कोणी काही पाहिलंच नाही असं धरून चालता येईल. तिसऱ्या रांगेतून आई हळू आवाजात म्हणाली, "म्हणा ना आता हो." बाबांनी शेजाऱ्याचा टॉर्च घेतला आणि उजव्या कानापाशी धरला.

"एक बबल है, सर।"

"कहाँ?"

शिरस्त्राण पुन्हा सगळ्या रांगांतून पुढे आलं. साहेबांनी चष्मा पुसला, तोही चंदेरी झाला, दुसऱ्याचा चष्मा मागून घेतला आणि बराच वेळ पाहिलं. "राई से भी छोटा है।"

"जी सर। है लेकिन।"

"तो?"

"रिजेक्ट है, सर।"

साहेबांनी मान डोलावली. मागच्या सगळ्या रांगांनी मान डोलावली. त्या हॉलमध्ये यापुढे कोणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती. रिजेक्ट झालेला माल पुढे जात नाही. शेवटच्या रांगेतल्या डुलकी काढणाऱ्यालाही हे झोपेत माहीत होतं. साहेबांनी शिरस्त्राण आपल्या खुर्चीखाली ठेवलं.

पाध्ये काकू विंगेतून बाहेर आल्या. "अहो भाऊजी, मग सेनापतीने डोक्यावर घालायचं काय?"

बाबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "काही नाही," ते म्हणाले. "तशीच बोलू द्या तिला."

आता शपथेचं काय करायचं, हे काकूंच्या नाटकात कुठेच नव्हतं. मी केळं खाली ठेवलं. आता सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, आणि मी इतके चेहरे एकदम कधी पाहिले नव्हते. फटीतून एका वेळी दोन-तीनच दिसत. माझा आवाज मला बारीक वाटला, आधार काढून घेतल्यासारखा. तरी तो गेला शेवटच्या रांगेपर्यंत.

"ज्या शिरस्त्राणाची शपथ घेतली," मी म्हटलं, "तेच नापास झालं. आता माझ्या तोंडाकडे पाहून उत्तर द्या. दरवाजा उघडता की नाही?"

"नाही उघडत," सुशीला वहिनी भरल्या तोंडाने म्हणाल्या, आणि तिथून नाटक काकूंनी लिहिलं होतं तसं शेवटपर्यंत गेलं.

घरी येताना बाबा सायकल हातात धरून चालत होते. शिरस्त्राण हँडलला लटकत होतं, त्यावर रिजेक्टची लाल खडूची फुली. आई पाध्ये काकूंबद्दल बोलली, थंडीबद्दल बोलली. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. चेहरा तर उघडा पडला होता, आणि एकदा नाही, अख्खा अर्धा अंक. घरी आल्यावर मी दोन वेळा हातपाय धुतले, कारण जेवायला बसलं की ते बोलतील असं वाटत होतं. आईने ज्वारीची भाकरी आणि मटाराची उसळ वाढली. बाबांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"तुझी डावी भुवई उजवीपेक्षा जास्त वर जाते," ते म्हणाले.

मला आधी कळेना ते कशाबद्दल बोलताहेत.

"आता तिच्या भुवया काढल्या का तुम्ही?" आई म्हणाली.

"सेनापतीच्या दोन्ही सारख्या जायला पाहिजेत. मागच्या रांगेतून दिसून राहिलं होतं." त्यांनी भाकरी मोडली. "पुढच्या वर्षी काय आहे मंडळाचं?"

"काकू राजाचं नाटक लिहून राहिल्या," मी म्हटलं. 

"मग वर्ष आहे हाताशी. दाखव."

मी दोन्ही भुवया वर केल्या. बाबांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बराच वेळ पाहिलं, मान जरा इकडे, जरा तिकडे करून.

"उजवी अजून कमी आहे," ते म्हणाले.